होडीची गळती : पाण्यातच दुरुस्ती की काठावर?

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि जिल्ह्यात होड्या आहेत, आणि त्यांचा वापर वाढत गेला तो धरणांबरोबर. कळवण तालुक्यातील चणकापूर, इगतपुरी तालुक्यातील दारणा, नाशिक शहराची तहान भागविणारे गंगापूर, नांदगाव तालुक्यातील गिरणा अशा एकामागून एक झालेल्या प्रकल्पांनी जिल्ह्यात विस्तीर्ण जलाशय निर्माण केले. या जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांच्या होड्या आहेत. फुगवट्यापलीकडे शेती असलेल्या शेतकऱ्यांच्या होड्या आहेत. पुराचा धोका असलेल्या गावांसाठी प्रशासनाने ठेवलेल्या बोटी आहेत. त्यांतील काही लाकडी, काही लोखंडी पत्र्याच्या, बऱ्याच फायबरच्या, तर काही हवा भरावयाच्या रबरी बोटी आहेत.

होडी म्हटली की गळती आलीच. ज्यांच्या ताब्यात होडी असते त्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे, सरपंचांपुढे किंवा तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्यापुढे मग एक प्रश्न उभा राहतो. होडी पाण्यात आहे, तळातून पाणी येत आहे. ती तशीच पाण्यात ठेवून भोक बुजवावे, की काम थांबवून ती काठावर ओढावी? काठावर ओढावयाची म्हणजे माणसे जमवावी लागतात, दिवस मोडतो, मासेमारी बंद पडते. पूर आलेला असेल तर पलीकडे माणसे खोळंबलेली असतात. त्यामुळे पाण्यातच काहीतरी करून वेळ भागविण्याकडे सर्वसाधारण कल असतो. हा कल नेहमीच चुकीचा नसतो. पण तो केव्हा बरोबर आणि केव्हा जीवघेणा हे ठरविण्याची रीत आहे, आणि ती अवघड नाही.

गळती थांबविणे आणि दुरुस्ती करणे

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. गळती थांबविणे ही एक गोष्ट आणि होडीची दुरुस्ती ही दुसरी. पाण्यात असताना जे करता येते ते बहुधा पहिल्या प्रकारचे असते. चिंध्यांचा बोळा कोंबणे, लाकडी पाचर ठोकणे, बाहेरून ताडपत्री ओढणे या सर्व उपायांचा हेतू एकच, आत येणारे पाणी इतके कमी करणे की उपसणाऱ्याला ते आवरता यावे आणि होडीला काठ गाठता यावा. तळाचे लाकूड का कुजले, पत्रा कोठवर गंजला, फायबरचे थर कोठून सुटले, याचा उलगडा होडी उलटी करून, वाळवून आणि टोकरून पाहिल्याशिवाय होत नाही. बोळा घट्ट बसला आणि पाणी थांबले म्हणून तीच होडी दुसऱ्या दिवशी दहा माणसे घेऊन निघते, तेव्हा गळती थांबविण्यालाच दुरुस्ती समजण्याची चूक झालेली असते.

या संदर्भात इंग्रज नाविक जेम्स कुक यांच्या जहाजाचे उदाहरण बोधप्रद आहे. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत त्यांचे 'एंडेव्हर' हे जहाज रात्रीच्या वेळी प्रवाळाच्या खडकावर चढले. भार कमी करण्यासाठी सहा तोफांसह पुष्कळसे सामान समुद्रात टाकण्यात आले, पंप अखंड चालविण्यात आले, आणि जवळजवळ एक दिवसाने जहाज खडकावरून सुटले. त्यानंतर एका जुन्या शिडावर दोरांचे तंतू व लोकर पसरून ते शिड जहाजाच्या तळाखालून ओढून घेण्यात आले. पाण्याच्या दाबानेच ते भोकावर घट्ट बसले आणि गळती एका पंपाला आवरेल इतकी खाली आली. पण कुक यांनी त्या भरवशावर पुढचा प्रवास केला नाही. जवळच्या नदीच्या मुखात जहाज आणून ते काठावर चढविले आणि फळ्या बदलल्या. तेथून निघावयास ऑगस्ट उजाडला. जहाज कलते झाल्यावर असे दिसले की प्रवाळाचा एक मोठा तुकडा मोडून भोकातच अडकून राहिला होता. जहाज तरले त्यात या तुकड्याचाही मोठा वाटा होता, आणि ही गोष्ट जहाज पाण्यात असेपर्यंत कोणाच्याही लक्षात येणे शक्य नव्हते.

किती पाणी येते, किती उपसता येते

निर्णयाचा पाया भावनेवर न ठेवता हिशेबावर ठेवावा. भोकातून पाणी किती वेगाने आत शिरते हे दोन बाबींवर अवलंबून असते : भोकाचे क्षेत्रफळ आणि ते पाण्याच्या पातळीखाली किती खोल आहे. शालेय विज्ञानातील नियम येथे लागू पडतो. खोली चौपट झाली तर पाण्याचा वेग दुप्पट होतो. भोकाचा व्यास दुप्पट झाला तर मात्र येणारे पाणी चौपट होते.

पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले असे समजू. त्यातून मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी आत येते. तेच भोक ६० सेंटिमीटर खोलीवर असेल तर सुमारे ६० लिटर येते. भोकाचा व्यास पाच सेंटिमीटर असेल तर ३० सेंटिमीटर खोलीवरच हा आकडा १७० लिटरच्या घरात जातो. आता उपसणाऱ्याचे बळ पाहू. दहा लिटरची बादली दर खेपेस काठोकाठ भरत नाही. धडधाकट माणूस मिनिटाला आठ-नऊ बादल्या काढील आणि दर बादलीत सात-आठ लिटर पाणी असेल असे धरले, तर ६० ते ७० लिटर होतात. परंतु हा वेग पहिल्या पाच-दहा मिनिटांचा आहे. पाऊण तासानंतर त्याच माणसाकडून निम्मे काम होणेही कठीण. म्हणजे अडीच सेंटिमीटरचे भोक एक माणूस थोडा वेळ आवरू शकतो. पाच सेंटिमीटरचे भोक दोन माणसांनाही आवरत नाही, ते प्रथम बुजवावेच लागते.

या हिशेबातील एक बाब अनुभवी माणसांच्याही नजरेतून निसटते. भोक दिसले की माणूस घाबरतो, पण दोन फळ्यांमधला सांधा सुटला तर तिकडे तितके लक्ष जात नाही. एक मीटर लांबीचा सांधा अवघा एक मिलिमीटर उघडला तर त्या फटीचे क्षेत्रफळ अडीच सेंटिमीटरच्या भोकाच्या दुप्पट होते. अरुंद फटीत घर्षणामुळे पाणी काहीसे कमी येईल, तरीही धोका भोकाहून अधिकच. शिवाय भोकात पाचर मारता येते, एक मीटर लांबीच्या फटीत ती मारता येत नाही. मारली तर फट आणखी उघडते.

आलेल्या पाण्याने होडी किती बुडते हेही पाहावे. पाच मीटर लांब आणि सुमारे १.४ मीटर रुंद अशा नेहमीच्या होडीत ४५ लिटर पाणी साचले की ती साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. साठ किलो वजनाचा एक माणूस चढला तर ती सव्वा सेंटिमीटरहून थोडी अधिक बुडते. आठ माणसे बसल्यावर पाण्यावर उरलेला काठ दहा सेंटिमीटरहून जास्त कमी होतो. रिकाम्या होडीत जे भोक पाणरेषेच्या वर होते आणि म्हणून निरुपद्रवी होते, ते आठ माणसे बसताच पाण्याखाली जाते. होडी रिकामी असताना गळत नाही, माणसे बसली की गळते, अशी तक्रार आली तर भोक काठाच्या बाजूला वरच्या फळीत शोधावे.

आत साचलेले पाणी केवळ वजन वाढवीत नाही, ते हलते. पाण्याने भरलेली थाळी दोन्ही हातांत धरून चालणाऱ्याला याची कल्पना असेल. थाळी किंचित कलली की सारे पाणी एका बाजूला धावते आणि थाळी आणखी कलते. होडीचेही तसेच होते. तळात गुडघाभर पाणी झाल्यावर होडी हळूहळू बुडेल आणि तोवर वेळ मिळेल ही समजूत खोटी आहे. पुष्कळदा ती बुडण्यापूर्वीच कलंडते. म्हणून काठ अजून एक वीत बाकी आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

माध्यमिक शाळांतून हा पाठ सहज घेता येण्यासारखा आहे. पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा, तो उभा तरंगावा म्हणून तळाशी दगड ठेवावेत, आणि बाजूला खिळ्याने भोक पाडून तो हौदात सोडावा. ठरावीक वेळात किती पाणी आत आले ते तांब्याने मोजावे. मग भोक मोठे करून, खाली घेऊन, दगड वाढवून पुन्हा मोजावे. फुगवट्याकाठच्या गावांतील मुलांना या मोजमापाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

निर्णय कसा घ्यावा

होडी गळू लागली की पहिले काम उपसण्याचे. भोक पाण्याने झाकले गेले की त्याची जागा सापडत नाही, आणि जागा सापडल्याशिवाय पुढचे काहीच ठरविता येत नाही. उपसण्याबरोबरच माणसे आणि सामान हलवून पाहावे. भोक एका बाजूला असेल तर भार विरुद्ध बाजूला किंवा विरुद्ध टोकाला न्यावा. होडी थोडी कलते, भोक वर येते, काही वेळा पाण्याबाहेरच येते. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. मात्र माणसांनी बसूनच सरकावे, एकदम उठून एका बाजूला धावू नये.

त्यानंतर काठ किती दूर आहे हे पाहावे. नाशिक जिल्ह्यातील बहुतेक जलाशयांवर शांत पाण्यात काठ फार लांब नसतो. येणारे पाणी उपसण्याने आवरत असेल आणि काठ दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल, तर भोकाशी झटापट करीत बसण्यापेक्षा वल्ही मारावीत. मध्यभागी थांबून दुरुस्तीचा प्रयत्न करण्यात जी दहा मिनिटे जातात ती बहुधा वाया जातात. पाणी उपसण्याने आवरत नसेल तेव्हाच आणि तेवढ्यापुरते भोक बुजवावे.

भोकाभोवतालचा भाग कसा आहे याची परीक्षा तितकीच महत्त्वाची. बोटाने दाबून किंवा चाकूचे टोक टेकवून पाहावे. लाकूड टणक असेल, चीर नवी असेल, म्हणजे दगडावर किंवा बुडालेल्या झाडाच्या खोडावर आपटून पडलेली असेल, तर तेथे पाचर धरते. टोक लोण्यात शिरावे तसे शिरत असेल तर तेथे काहीही ठोकू नये. कुजलेल्या फळीत पाचर ठोकल्याने छोट्या भोकाचे भगदाड होते. गंजलेल्या पत्र्याचीही हीच गत. अशा वेळी ठोकाठोकी न करता आतून कापडाची जाड घडी, त्यावर रबराचा तुकडा, त्यावर फळी ठेवून ती पायाने किंवा आडव्या लाकडाने दाबून धरावी. बाहेरून ताडपत्री किंवा घोंगडी तळाखालून ओढून दोन्ही काठांना बांधता आली तर अधिक चांगले. आतून लावलेल्या वस्तूला पाणी बाहेर ढकलीत असते. बाहेरून लावलेल्या वस्तूला तेच पाणी दाबून बसविते.

होडीत कोण बसले आहे हा शेवटचा आणि वास्तविक सर्वांत वरचा प्रश्न. पोहता येणारे दोन मच्छीमार काही प्रयोग करू शकतात. शाळेची मुले, म्हातारी माणसे किंवा आजारी बाई होडीत असताना कोणताही प्रयोग करू नये.

पाण्यात जे होत नाही

काही कामे पाण्यात होतच नाहीत. फायबरच्या होडीवर तंतूंचे कापड आणि रसायन यांचे थर देऊन दुरुस्ती केली जाते. हे रसायन ओल्या पृष्ठभागाला धरीत नाही. वरून ते घट्ट झालेले दिसते, पण चार दिवसांनी पापुद्र्यासारखे सुटते. शिवाय फायबरच्या थरांत मुरलेले पाणी सुकायला बरेच दिवस लागतात, आणि ते न सुकवता वर थर दिला तर ओल आत कोंडली जाते. ओल्या जागेवरही धरणारे दोन भागांचे इपॉक्सीचे लुकण बाजारात मिळते. ते जवळ ठेवणे शहाणपणाचे. परंतु त्याचे काम पाचरेइतकेच, काठ गाठण्यापुरते.

लोखंडी बोट तरंगत असताना तिच्या पाणरेषेखाली वेल्डिंग करू नये. पत्र्याच्या मागे पाणी असल्याने सांधा एकदम थंड होतो आणि ठिसूळ बनतो. पातळ गंजलेला पत्रा जळून भोक मोठे होते. विजेचा धोका आणि इंजिनाच्या पेट्रोलचा धोका वेगळाच. काठावरून तार ओढून घरगुती विजेचा पंप होडीत चालवावयाचा आणि पाणी उपसावयाचे, ही कल्पनाही अनेकांना सुचते. ओल्या होडीत, ओल्या अंगाने ती अमलात आणणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय. रबरी बोटीला ठिगळ लावताना तो भाग कोरडा, स्वच्छ आणि हवा सोडलेला असावा लागतो. पाण्यात असताना फक्त चिमट्याची किंवा आट्याची डाट बसविता येते.

होडीखाली बुडी मारून दुरुस्ती करण्याची हौस काही तरुण पोहणाऱ्यांना असते. वाहत्या किंवा गढूळ पाण्यात ती सर्वथा वर्ज्य मानावी. स्थिर आणि स्वच्छ पाण्यातही इंजिन बंद करून, कमरेला दोर बांधून आणि दोर धरणारा दुसरा माणूस वर ठेवूनच बुडी मारावी.

फळी पाणी पिते तेव्हा

लाकडी होडीच्या बाबतीत मात्र घाई उलट दिशेनेही नडते. उन्हाळाभर काठावर उलटी पडलेली होडी पावसाळ्याच्या तोंडाशी पाण्यात ढकलली की साऱ्या सांध्यांतून पाणी झिरपू लागते. नवशिक्या माणसाला वाटते की होडी निकामी झाली. तो ती ताबडतोब बाहेर काढतो आणि प्रत्येक फटीत काथ्या आणि कापूस ठासून भरतो. वास्तविक उन्हाने फळ्या आकसलेल्या असतात. पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावर त्या फुगतात आणि बहुतेक सांधे आपोआप मिटतात. कोरड्या फटीत ठासून भरलेल्या होडीच्या फळ्या फुगल्या की त्यांना सरकायला जागा राहत नाही, आणि त्या खिळ्यांपासून किंवा आतल्या बरगड्यांपासून सुटतात. म्हणजे दुरुस्तीनेच होडी मोडते. नदीकाठच्या भोई आणि कोळी समाजातील जुन्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. ते होडी उथळ पाण्यात दोराने बांधून, थोडे पाणी आत घेऊन, तिला पाणी पिऊ देतात. दोन दिवसांनंतरही जो सांधा गळत राहील तोच खरा दोषी समजून त्याची खूण करून ठेवावी, आणि होडी बाहेर काढून तेवढाच भरावा.

दरवर्षी तळाला डांबराचा जाड थर फासण्याची प्रथा सर्वत्र दिसते. त्याने पाणी अडते हे खरे, पण थरावर थर चढत गेले की आतले कुजलेले लाकूडही झाकले जाते. काळ्या कुळकुळीत, तुकतुकीत तळाची होडी तपासणीत उत्तीर्ण होते आणि त्याच वर्षी भर पाण्यात तिची फळी निघते. निदान दर काही वर्षांनी जुने डांबर खरवडून लाकूड उघडे करून पाहणे आवश्यक आहे.

जलाशय हीच गोदी

कोकणातील दर्यावर्दी लोकांना होडी बाहेर काढण्यासाठी समुद्रच मदत करतो. भरतीला गलबत काठाजवळ आणून बांधावे, ओहोटीला ते चिखलावर टेकते, आणि पुढची भरती येईपर्यंत तळ पाहता येतो. मोठे काम उधाणाच्या भरतीला जहाज वर घेऊन करावयाचे. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत मराठा आरमाराने गोदी उभारली होती आणि तिचे अवशेष आजही दिसतात. मुंबईत अठराव्या शतकाच्या मध्यास सुकी गोदी बांधली गेली. इतक्या खर्चाची आणि खटपटीची कामे त्या काळच्या आरमारांनी हाती घेतली, कारण लाकडी जहाजाचा तळ पाण्यात ठेवून सांभाळता येत नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते.

नाशिकच्या जलाशयांना भरती-ओहोटी नाही. पण त्यांची पातळी वर्षभर स्थिरही नसते. पावसाळ्याच्या अखेरीस तुडुंब भरलेले धरण रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांबरोबर खाली उतरत जाते. आवर्तन सुटण्याच्या आदल्या दिवशी होडी सौम्य उताराच्या काठाशी आणून बांधली, तर पाणी तिच्याखालून निघून जाते आणि ओढण्याचे निम्मे श्रम वाचतात. कोकणातील सहा तासांच्या ओहोटीऐवजी येथे काही दिवसांची, कधी काही आठवड्यांची ओहोटी मिळते. त्यासाठी आवर्तनाची तारीख पाटबंधारे शाखेकडून आधी विचारून घेणे एवढेच करावे लागते. मच्छीमार संस्था ही चौकशी करतातच असे नाही. ती केली तर मोठ्या दुरुस्तीचा काळ आपोआप ठरतो.

जागा निवडताना धरणाच्या भिंतीवरील दगडी पिचिंग टाळावे. त्यावर होडी टेकली की नवे भोक पडते. गाळाचा काठही फसवा. होडी त्यात रुतून बसते आणि तळ दिसतच नाही. मुरमाड, सौम्य उताराची जागा पाहून गोल लाकडी ओंडके आडवे टाकावेत आणि त्यावरून होडी घ्यावी. पाणी उतरत असताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. बुडालेल्या विहिरींची कठडी, जुन्या बांधांचे दगड आणि तोडलेल्या झाडांची खोडे वर येऊ लागतात. त्यामुळे भरल्या पाण्यात सुरक्षित असलेला मार्ग उन्हाळ्यात तसा राहत नाही.

पूर आला असता

आतापर्यंतचे विवेचन शांत पाण्याचे झाले. पुरात परिस्थिती पालटते. गंगापूर, दारणा, पालखेड, कडवा अशा धरणांतून सोडलेले पाणी निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे एकवटते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला गोदाकाठी असलेल्या चांदोरी आणि सायखेडा या गावांनी ऑगस्ट २०१६ आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये मोठे पूर पाहिले. घरांत आणि बाजारपेठेत पाणी शिरले, आणि लोकांना हलविण्यासाठी बोटी वापराव्या लागल्या. या टापूत पुराबरोबर पानवेलींचे दाट पुंजके वाहत येतात. ते पुलाच्या खांबांना अडतात, इंजिनाच्या पंख्यात गुंततात, आणि त्यांत लपलेल्या ओंडक्याचा धक्का बसेपर्यंत तो दिसत नाही.

अशा पाण्यात बोट गळू लागली तर 'थांबून दुरुस्ती' हा पर्याय जवळजवळ नसतोच. बोट थांबली की ती प्रवाहाच्या स्वाधीन होते. इंजिन चालू ठेवून, उपसत, जवळचे उंच ठिकाण किंवा पाण्याबाहेरचा रस्ता गाठावा, माणसे उतरवावीत, आणि मगच भोक पाहावे. खरा कठीण निर्णय त्यानंतरचा असतो. पलीकडच्या वस्तीवर आणखी माणसे अडकली आहेत, अंधार पडत आहे, दुसरी बोट अजून आलेली नाही, आणि पहिल्या बोटीत नुकतीच पाचर बसवली आहे. ती पुन्हा पाठवावी काय?

येथे बोटचालकाचे धाडस किंवा गावकऱ्यांचा आग्रह यांवर निर्णय सोडू नये. बोट रिकामी असताना उथळ पाण्यात दहा मिनिटे उभी करून आत किती पाणी आले ते मोजावे. त्यानंतर जितकी माणसे आणावयाची तितक्या वजनाची गावातली माणसे काठालगत, कमरेइतक्या पाण्यात, बोटीत बसवून पुन्हा मोजावे. भार पडल्यावर गळती लक्षणीय वाढत असेल तर बोट पाठवू नये. गळती थोडी आणि स्थिर असेल तर निम्म्या भाराने, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट घालून आणि केवळ उपसण्यासाठी एक वेगळा माणूस देऊन पाठविण्याचा विचार करता येईल. या परीक्षेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. घरांच्या माळ्यावर किंवा गच्चीवर असलेली माणसे हा अर्धा तास तग धरू शकतात; प्रवाहाच्या मध्यावर कलंडलेल्या बोटीतली माणसे तशी तग धरू शकत नाहीत. पाणी वेगाने चढत असेल आणि घर पडण्याच्या बेतात असेल तर मात्र हिशेब बदलतो, आणि तेव्हा निर्णय जागेवरच्या जबाबदार अधिकाऱ्यानेच घ्यावयास हवा.

सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती, असे त्या वेळी सांगण्यात आले. गळती नसलेल्या बोटीलाही भाराची मर्यादा असते. पाचर मारलेल्या बोटीची मर्यादा तिच्यावर रंगविलेल्या आकड्याइतकी उरत नाही, आणि नवा आकडा कोणी रंगवीत नाही.

ग्रामपंचायतीने करावयाची तयारी

यंत्रावर चालणाऱ्या अंतर्देशीय नौकांची तपासणी आणि नोंदणी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते. वल्ह्याच्या साध्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ठेवण्याची दिशाही या अधिनियमात आहे. परंतु नोंदणीचा कागद झाला म्हणजे होडीचा तळ तपासला गेला असे होत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील प्रत्येक होडीसाठी एक साधी वही ठेवावी. होडी शेवटची बाहेर केव्हा काढली, कोणत्या फळीत किंवा कोणत्या भागात काय भरले, पाचर मारली असल्यास ती कोठे आणि कोणत्या तारखेला, एवढे तीत असावे. पाचरेची नोंद सर्वांत महत्त्वाची. ती मारणारा माणूस आणि पुढच्या वेळी होडी नेणारा माणूस वेगवेगळे असतात, आणि वरून चटई टाकली की पाचर दिसत नाही.

पुरासाठी ठेवलेल्या बोटीची तपासणी मे महिन्यात व्हावी. जून उजाडल्यावर दोष सापडला तर सुकवायला ऊन मिळत नाही. गोदामात ठेवलेली बोट बाहेर काढून, तिच्यावर ठरलेला भार चढवून ती काही तास पाण्यात ठेवावी. बोट चकचकीत आहे, इंजिन सुरू होते, एवढ्यावर तपासणी आटोपणे ही सर्रास आढळणारी पद्धत आहे आणि ती बदलावयास हवी. रबरी बोट पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवली की सूक्ष्म गळती सकाळी कळते; मात्र गारव्यानेही हवा थोडी आकसते, म्हणून भर दुपारी भरलेली बोट पहाटे किंचित सैल दिसल्यास तिला लगेच बाद ठरवू नये.

प्रत्येक होडीत कायम ठेवावयाच्या वस्तू थोड्या आणि स्वस्त आहेत : दोन बादल्या, त्यांतील एक दोराने होडीला बांधलेली, मऊ लाकडाच्या लहान-मोठ्या आठ-दहा निमुळत्या पाचरी, जुन्या सुती कापडाची गाठोडी, जीपच्या टायरच्या ट्यूबचे दोन-तीन तुकडे, होडीच्या रुंदीहून लांब अशी ताडपत्री, तिच्या चारही कोपऱ्यांना दोर ओवलेले, हातोडी आणि चाकू. पाचरी मऊ लाकडाच्या असाव्यात, म्हणजे त्या पाण्याने फुगून घट्ट बसतात. बाभळीसारख्या कठीण लाकडाची पाचर फळीलाच चिरते. हे सारे एका गोणीत बांधून नाळेजवळ ठेवावे. गोणी दुसऱ्याच कामाला नेली जाते हा सार्वत्रिक अनुभव असल्याने होडीचा ताबा घेताना आणि देताना वल्ह्यांबरोबर गोणीही मोजून घ्यावी, आणि वहीत तशी सही व्हावी.